इफ्तार ते सहरी: डायलिसिसवरच्या माणसाची रात्र

डायलिसिसवर असलेल्या माणसाने रमजानचे रोजे ठेवावेत का, या प्रश्नाला वैद्यकाचं उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच येतं, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. डायलिसिससोबत मधुमेहही असेल तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका त्या माणसाला सर्वाधिक धोक्याच्या गटात ठेवतात. धर्मही इथे आडवा येत नाही. सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला सूट दिलेली आहे. रोजे नंतर भरून काढायचे, आणि ज्याला ते जमणारच नाही त्याने रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, म्हणजे फिदिया द्यायचा. अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, त्रास नको, हे वाक्यही तिथेच आहे.

तरीही जगभर डायलिसिसवरची कितीतरी माणसं रोजे ठेवतात. मला त्यात हट्टापेक्षा ओढ जास्त दिसते. लहानपणापासून ज्या महिन्याची वाट पाहिली, त्या महिन्यात सगळं घर एका वेळी उठतं, एका वेळी घोट घेतं, आणि आपण मात्र त्यातून वगळले जातो. आजाराने नोकरी, प्रवास, मनासारखं खाणं आधीच हिरावून घेतलेलं असतं. रोजा तेवढा तरी आपला राहावा, असं वाटणारच. अशा माणसाला नुसता नकार देऊन घरी पाठवलं, तर तो रोजा ठेवतोच, फक्त सांगत नाही. मग डायलिसिसच्या पुढच्या सेशनला वजन चार किलो जास्त का भरलं, पोटॅशियम का वाढलं, याचा उलगडा कुणालाच होत नाही. न सांगता ठेवलेला रोजा हाच सगळ्यांत धोक्याचा, असं माझं ठाम मत आहे. म्हणून जो ठेवणारच आहे, त्याच्या ताटाचा, पेल्याचा आणि गोळ्यांचा हिशोब मांडून दिला पाहिजे. हा हिशोब जवळजवळ सगळा रात्रीचा आहे: सूर्यास्ताला रोजा सोडायच्या इफ्तारपासून पहाटे रोजा सुरू होण्याआधीच्या सहरीपर्यंतचा.

आधी कोणते दिवस, ते ठरवू. हेमोडायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तासांचं. यंत्रातल्या द्रावणात ग्लुकोज आणि क्षार असतात, आणि रक्त शरीराबाहेर जाऊन शुद्ध होऊन परत येतं. त्यामुळे या उपचाराने रोजा तुटतो, असं मत अनेक समकालीन आलिमांनी, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांनी, आणि फतवा समित्यांनी दिलेलं आहे. वेगळं मत असणारेही आहेत. आपल्या मनाला जो आलिम पटतो त्याला आधीच विचारून घ्यावं. व्यवहारात बहुतेक रुग्ण सेशनचे तीन दिवस सोडून उरलेल्या चार दिवसांत रोजे ठेवतात. पण हे चार दिवस सारखे नसतात. सोमवार-बुधवार-शुक्रवार असं वेळापत्रक असेल, तर मंगळवार आणि गुरुवारच्या दोन्ही बाजूंना सेशन असतं. शनिवार-रविवार मात्र लागोपाठ येतात आणि दोन सेशनमधलं अंतर ४४ तासांवरून ६८ तासांवर जातं. डायलिसिसच्या रुग्णांत अचानक हृदय बंद पडण्याचे प्रसंग याच लांब खंडाच्या शेवटी जास्त घडतात, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. म्हणून चारांतला एक दिवस सोडायचा झाला तर तो या खंडाचा दुसरा दिवस असावा. आठवड्याला तीन रोजे नीट पार पडले, तर चौथ्यासाठी जीव धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

आणि रोजा व्हावा म्हणून सेशन बुडवणं, पुढे ढकलणं किंवा तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजाला, पोहोचायचंय म्हणून चार तासांचे तीन करून घेणं, हे कोणत्याही परिस्थितीत नको. रमजानमध्ये होणाऱ्या नुकसानापैकी हे सर्वांत सहज टाळता येणारं आहे. शिफ्ट बदलून मिळत असेल तर ती जरूर मागावी. वेळ कमी करू नये.

आता दिवसभर शरीरात काय घडतं ते पाहू. लोकांना वाटतं, डायलिसिसवरच्या माणसाला पाणी असंही मोजूनच प्यायचं असतं, मग दिवसभर न पिणं त्याला सोपंच जाईल. ज्याची लघवी पूर्ण बंद झाली आहे त्याच्या बाबतीत पाण्यापुरतं हे काहीसं खरं आहे. ज्याला अजून दिवसाला अर्धा-पाऊण लिटर लघवी होते त्याचं तसं नाही. ती उरलेली लघवी म्हणजे मूत्रपिंडाचं शिल्लक काम. दिवसभराच्या कोरडेपणाने रक्तदाब पडला की तेही काम मंदावू शकतं, आणि एकदा गेलेलं परत येईलच असं नाही. नव्याने डायलिसिस सुरू झालेल्या माणसाने हे फार जपावं. रक्तदाब सतत कमी राहिला तर हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, गोठून बंद पडण्याचीही भीती असते. म्हणून रोज्याच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ बोटं ठेवून त्याची थरथर तपासावी.

पोटॅशियमची गोष्ट आणखी वेगळी आहे. "काही खाल्लंच नाही, मग पोटॅशियम वाढेल कसं?" हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. शरीरातलं जवळपास सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात त्याचा अगदी लहान अंश. जेवल्यावर इन्सुलिन स्रवतं आणि ते साखरेसोबत पोटॅशियमलाही पेशींत ढकलतं. पोट बारा-चौदा तास रिकामं राहिलं की इन्सुलिन उतरतं आणि पेशींतलं पोटॅशियम हळूहळू रक्तात झिरपू लागतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. इथे तो रस्ताच बंद आहे. त्यात बद्धकोष्ठाची भर पडते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर मोठं आतडं नेहमीपेक्षा बरंच जास्त पोटॅशियम शौचावाटे बाहेर टाकायला शिकतं. रमजानमध्ये पाणी कमी, चोथा कमी, वर अन्नातला फॉस्फरस रक्तात जाऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, यामुळे पोट साफ होत नाही आणि हाही मार्ग अडतो. दोन दिवस शौचाला झालं नाही तर डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोजसारखं औषध घ्यावं. ही किरकोळ तक्रार समजून अंगावर काढू नये.

साखरेचंही तसंच. इन्सुलिन मोडून टाकण्याचं बरंच काम मूत्रपिंड करतं, आणि उपाशीपोटी नवी साखर तयार करण्यातही त्याचा मोठा वाटा असतो. दोन्ही कामं थांबली की टोचलेलं इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं आणि साखर घसरली तर सावरणारं कुणी नसतं. म्हणून मधुमेही डायलिसिस रुग्णाची साखर दुपारी तीन-चारच्या सुमारास गुपचूप खाली येऊ शकते. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध, चालू असेल तर छातीत धडधडणं, हात कापणं या इशाऱ्याच्या खुणाही दबतात, फक्त घाम येतो किंवा माणूस असंबद्ध बोलू लागतो. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुसंख्य आलिम सांगतात. तेव्हा सकाळी, दुपारी आणि इफ्तारच्या आधी तपासावीच. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आकडा गेला की रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला, दहा मिनिटं उरली असली तरी. सोडताना संत्र्याचा रस किंवा शहाळं नको, त्यात पोटॅशियम भरपूर. साखर ७० च्या खाली गेली असेल तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर चार-पाच घोट पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं.

हे झालं दिवसाचं. पण रमजानमध्ये डायलिसिसच्या रुग्णाच्या बिघाडाची खरी सुरुवात सूर्यास्तानंतर होते. सूर्य पावणेसातला मावळला आणि पहाट पाचला झाली असं धरलं, तर हातात दहा तास येतात. त्यांतले चार-पाच झोपेचे, दीड-दोन नमाजाचे. उरलेल्या वेळेत दिवसाचं सगळं पाणी, सगळी प्रथिनं, सगळ्या गोळ्या बसवायच्या. रमजान चांद्र वर्षाने चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे विषुववृत्तापासून दूरच्या देशांत उन्हाळ्याच्या रमजानात ही खिडकी सहा-सात तासांवरही येते. तिथे तर हिशोब आणखी काटेकोर हवा.

पाण्यापासून सुरुवात करू. लघवी पूर्ण बंद असलेल्या माणसाला २४ तासांत ५०० ते ७५० मिलीलिटर द्रव, आणि लघवी होत असेल तर तिच्या मापाइतकं त्यावर जास्त. यात चहा, दूध, सूप, सरबत, पातळ डाळ, बर्फ सगळं आलं. माझ्या मते सर्वांत चांगली युक्ती साधीच आहे: इफ्तारच्या वेळी खुणा केलेल्या बाटलीत रात्रीचा पूर्ण कोटा भरून ठेवायचा, आणि चहा घेतला की तेवढंच पाणी त्यातून ओतून टाकायचं. ७०० मिलीलिटरची वाटणी अशी बसते: रोजा सोडताना १५०, जेवणासोबत १००, रात्रभरातल्या गोळ्यांसाठी १५०, तरावीहनंतर १००, आणि सहरीला २००. रोजा सोडताना पहिला पेला संपवायला दहा मिनिटं लावावीत. तहान घोटांच्या संख्येने भागते, पेल्याच्या आकाराने नाही. सहरीला "दिवसभर पुरेल" म्हणून दोन पेले घटाघटा पिणाऱ्याला ते पुरत नाहीत. लघवी नसलेल्या माणसाचं ते पाणी पायांत आणि छातीत जमतं, तोंड मात्र अकरा वाजता कोरडंच असतं.

दोन सेशनमधली वजनवाढ ड्राय वेटच्या, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरच्या वजनाच्या, चार ते साडेचार टक्क्यांच्या आत हवी. ६० किलोच्या माणसाला याचा अर्थ साधारण अडीच किलो. यामागे यंत्राची मर्यादा आहे. तासाला किलोमागे १३ मिलीलिटरपेक्षा वेगाने पाणी काढलं की हृदयावर ताण येतो, बीपी कोसळतं, पोटरीत गोळे येतात. ६० किलो आणि चार तास धरले तर हा आकडा जेमतेम ३.१ लिटरवर संपतो. कुणी साडेचार लिटर घेऊन आला, तर उरलेलं पाणी अंगातच घेऊन घरी जाणार, किंवा ते काढण्याच्या प्रयत्नात मशीनवर अर्धा बेशुद्ध होणार.

पण पाण्यावर कितीही पहारा ठेवला तरी मीठ सुटलं तर सगळं फोल आहे. साधारण ८ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी मिळेपर्यंत मेंदू तहान थांबवत नाही. दिवसाचं मीठ एका सपाट चहाच्या चमच्याइतकं, ५ ग्रॅमच्या आसपास, हवं. इफ्तारच्या ताटात ते कुठून कुठून येतं पाहा: तळणीच्या पिठात, फळांवर भुरभुरवलेल्या मसाल्यात, लोणच्यात, चीजमध्ये, सूपच्या तयार वड्यांत, तयार कबाबांत. तळलेले दोन-चार तुकडे आणि वाटीभर तयार सूप एवढ्यानेच दिवसाचा निम्मा कोटा संपू शकतो. सर्वांत वाईट म्हणजे सहरीतलं मीठ, कारण त्याची तहान भर दुपारी लागते, जेव्हा काहीच करता येत नाही. सहरी जवळपास अळणी असावी. लिंबू, जिरे, मिरपूड, लसूण, पुदिना यांनी चव आणावी. सैंधव हेही सोडियमच, त्यात सुटका नाही. आणि "लो सोडियम" म्हणून मिळणारं मीठ डायलिसिसच्या घरात येऊच देऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. चांगलं करायला जाऊन एखाद्याचा जीव जाईल असा हा बदल आहे.

मधुमेहींना आणखी एक: साखर चढलेली असेल तर मीठ कमी करूनही तहान जात नाही. गोड सरबताचा मोठा पेला तहान वाढवतोच.

खजुराबद्दल मात्र मला सरसकट मनाई मान्य नाही. खजुराने रोजा सोडणं ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे, आणि ज्या माणसाकडून आधीच बरंच काही काढून घेतलंय त्याच्या हातातून तेही काढून घेण्याची गरज नाही. लहान, सात-आठ ग्रॅमच्या एका खजुरात सुमारे ५० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. मेदजूलसारख्या मोठ्या खजुरात १६० च्या पुढे. दिवसाची मर्यादा दोन ते अडीच हजार मिलीग्रॅमच्या घरात धरली तर एक लहान खजूर सहज बसतो. तीन मोठे खाल्ले तर पाचशे तिथेच संपले. रक्तातलं पोटॅशियम आधीच ५.५ च्या वर असेल तर तोही नको. खजूर नसेल तर पाण्याच्या घोटांनी रोजा सोडावा असं हदीसमध्येच आहे.

खजुराकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि खरा घात शेजारची फळांची थाळी करते. एका केळ्यात चारशेच्या आसपास, पेलाभर संत्र्याच्या रसात तेवढंच, पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात पाचशेपर्यंत. पेरू, जर्दाळू, मनुका, अंजीर हेही त्याच रांगेतले. सफरचंद, नासपती, अननस बरे. एका वेळी एकच, अर्धी वाटी. कलिंगड शंभर ग्रॅमला फारसं पोटॅशियम देत नाही, पण त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणी आहे आणि कुणी शंभर ग्रॅमवर थांबत नाही. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, याला मात्र एक फोडही माफ नाही. त्यातलं विष मूत्रपिंड बाहेर टाकतं. मूत्रपिंडच निकामी असलं की न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके आणि मृत्यूपर्यंत प्रकरण जातं. शोभेसाठी कापून ठेवलेली ती चांदणी ताटातून उचलून बाजूला करावी.

भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावं. बटाटा दोनदा उकळला तर आणखी चांगलं. नुसतं भिजवून ठेवल्याने फार थोडं पोटॅशियम निघतं, उकळणंच महत्त्वाचं. वाफवणं, प्रेशर कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवणं किंवा भाज्यांचं सूप करणं म्हणजे सगळं पोटॅशियम परत पोटात.

इथवर सगळं "कमी करा" असं झालं. प्रथिनांचं मात्र उलट आहे, आणि माझ्या मते रमजानमध्ये सर्वांत दुर्लक्षित हीच बाजू राहते. डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३५ कॅलरी लागतात. ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं, पंधराशे ते एकवीसशे कॅलरी. हेमोडायलिसिसच्या प्रत्येक सेशनमध्ये सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं रक्तातून निघून जातात, ती वेगळी. आता इफ्तारला तळलेलं आणि गोड खाऊन पोट भरलं, नंतरचं जेवण निम्मं झालं, सहरीला झोपेपायी चहा-बिस्किट झालं, तर दिवसाची प्रथिनं तीस ग्रॅमवर येतात. शरीर मग स्वतःचे स्नायू मोडतं. मोडलेल्या स्नायूतून युरिया, आम्ल, फॉस्फरस आणि पुन्हा पोटॅशियमच बाहेर पडतं. कमी खाल्ल्याने अहवाल सुधारतील ही अपेक्षा इथेच खोटी ठरते.

६० किलोच्या माणसासाठी एक रात्र मांडून दाखवतो. खजूर आणि पाण्याने रोजा सोडून मगरिबची नमाज. मग जेवण: शिजवलेलं ९० ग्रॅम चिकन किंवा मासा म्हणजे साधारण २५ ग्रॅम प्रथिनं, दोन लहान पोळ्या किंवा तितका भात याचे सहा, आणि पाणी काढून टाकलेली भाजी. भाजीत तेल हात राखून घालू नये, कॅलरी तिथूनच येणार आहेत. तरावीहनंतर दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि ब्रेडचे दोन तुकडे, अकरा ग्रॅमच्या आसपास. सहरीला एक पूर्ण अंडं आणि वर दोन अंड्यांचा पांढरा भाग मिळून तेरा, दोन पोळ्यांचे सहा, शंभर ग्रॅम घट्ट दह्याचे साडेतीन. बेरीज ६४ ते ६५. तरावीहनंतरचा तो छोटा तिसरा घास लोक सोडून देतात. त्याच्याशिवाय हा आकडा गाठणं फार अवघड जातं. मांस-अंडी न खाणाऱ्याला पनीर, दही, डाळ यांवर अवलंबून राहावं लागेल आणि तेव्हा फॉस्फरसच्या गोळ्यांचा डोस आहारतज्ज्ञाकडून नव्याने ठरवून घ्यावा.

अंड्याच्या पांढऱ्या भागाचा मी आग्रह धरतो तो फॉस्फरसमुळे. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस जेमतेम पाच मिलीग्रॅम. इतकं स्वच्छ प्रथिन दुसरं क्वचितच सापडेल. पिवळ्यात तोच आकडा साठच्या पुढे. दिवसाची मर्यादा ८०० ते १००० मिलीग्रॅम. पण फॉस्फरस कुठून आला यावरही बरंच ठरतं. डाळी-धान्यातला निम्म्याहून कमी शोषला जातो, मांस-दुधातला जवळपास निम्मा किंवा थोडा जास्त, आणि कारखान्यात घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा. जुन्या मनाईच्या याद्यांमध्ये डाळ पहिल्या क्रमांकावर असायची; मला ते अन्यायाचं वाटतं. कोला, प्रक्रिया केलेलं चीज, गोठवलेले नगेट्स आणि कबाब यांनी तो क्रमांक घ्यायला हवा. पाकिटावरच्या घटकांत कुठेही "फॉस्फेट" दिसलं की परत ठेवून द्यावं.

फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या, सेव्हेलॅमर किंवा कॅल्शियम ॲसिटेट, अन्नासोबत पोटात असल्या तरच काम करतात. एरवी तीन जेवणांना तीन घेणारा माणूस रमजानमध्ये दोनच घेतो आणि तिसरी विसरतो, किंवा तिन्ही सहरीनंतर एकदम गिळतो, दोन्ही व्यर्थ. दिवसाचा एकूण डोस तोच ठेवून जेवणाच्या आकारानुसार वाटणी करावी: मोठा वाटा इफ्तारनंतरच्या जेवणाला, उरलेला सहरीला. कॅल्शियमच्या गोळीसोबत लोहाची किंवा थायरॉइडची गोळी घेतली तर ती शोषली जात नाही, म्हणून मध्ये काही तासांचं अंतर हवं. दहा तासांच्या रात्रीत हे कागदावर लिहूनच जमतं.

रक्तदाबाची औषधं आणि इन्सुलिन यांचं वेळापत्रक रुग्णाने स्वतः बदलू नये. दिवसातून एकदा घ्यायचं दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी आणून १५ ते ३० टक्क्यांनी कमी करण्याची पद्धत आहे. डायलिसिसवर ते आणखी उतरवावं लागू शकतं, ते डॉक्टर साखरेचे आकडे बघून ठरवतील. ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी कुणी अजून घेत असेल तर ती रमजानच्या आधीच बंद व्हायला हवी. मूत्रपिंड काम करत नसताना तिचा अंमल उतरता उतरत नाही.

सेशनच्या दिवशी रोजा नाही, मग काय खायचं? पोटभर, आणि दिवसाउजेडी. हे लिहावं लागतं, कारण सगळं घर उपाशी असताना एकट्याने जेवायला बसणं फार जड जातं. पुष्कळ जण सकाळी डायलिसिस करून येतात आणि लाजेखातर संध्याकाळपर्यंत काही खात नाहीत. रोज्याचं पुण्यही नाही आणि शरीराला अन्नही नाही, अशा मधल्या अवस्थेत ते दिवस काढतात. घरच्यांनी त्याचं ताट आधीच वाढून, झाकून ठेवावं आणि आग्रहाने बसवावं. अमिनो आम्लांची भरपाई याच दिवशी व्हायची आहे.

शिफ्ट सूर्यास्तानंतरची मिळाली असेल तर वेगळी काळजी. भरपेट इफ्तार करून लगेच मशीनवर झोपलं की रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी पडतं. खजूर, घोटभर पाणी, एखादं अंडं किंवा ब्रेड एवढ्यावर सेशन करावं आणि पूर्ण जेवण नंतर.

पोटाच्या डायलिसिसवर असलेल्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. पोटात द्रावण भरायच्या पिशव्या रोज असतात, मोकळा दिवसच नाही. द्रावणातलं ग्लुकोज पोटाच्या पडद्यातून रक्तात जातं, दिवसाला शंभर ते दोनशे ग्रॅमपर्यंत. म्हणून दिवसा पिशवी भरली तर रोजा होत नाही असं बहुतेक आलिम मानतात. रात्री यंत्राने आदलाबदल करून दिवसा पोट रिकामं ठेवता येतं का, हे पडद्याची क्षमता आणि उरलेली लघवी पाहून डॉक्टरच सांगू शकतील. अनेकांसाठी उत्तर फिदिया हेच असेल. प्रथिनं इथेही रोज पाच ते पंधरा ग्रॅम द्रावणातून वाहून जातात. आणि ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन असलेली पिशवी वापरणाऱ्यांनी आपलं ग्लुकोमीटर आधी तपासून घ्यावं. काही जुन्या प्रकारच्या पट्ट्या या द्रावणातून तयार होणाऱ्या माल्टोजला साखर समजतात आणि खोटा मोठा आकडा दाखवतात. ग्लुकोमीटरवर १६०, प्रत्यक्षात ६०, आणि माणूस रोजा चालू ठेवतो.

साखरेच्या आकड्यांशिवाय आणखी काही खुणा दिसल्या की रोजा सोडून केंद्राला फोन करायचा: पायांतली ताकद अचानक गेल्यासारखं वाटणं, ठोके चुकणं, आडवं झाल्यावर दम लागणं, उभं राहताना अंधारी, उलट्या-जुलाब, ताप, फिस्टुलाची थरथर न लागणं. पाय गळणं आणि ठोके चुकणं ही पोटॅशियमची खूण असू शकते. तेव्हा रात्रीपर्यंत वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. सेशनआधीच्या तपासणीत पोटॅशियम ६ च्या वर निघालं, तर त्या आठवड्याचे रोजे बंद.

ही सगळी तयारी रमजानचा चंद्र दिसल्यावर सुरू करून भागत नाही. दीड-दोन महिने आधी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांसोबत बसावं. पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), मागच्या महिन्यातली वजनवाढ आणि सेशनमधली बीपीची पडझड पाहावी. ज्याचं अल्ब्युमिन आधीच उतरलेलं आहे, ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे, ज्याची साखर सारखी खाली जाते, त्याने इथेच थांबावं. ज्याला हिरवा कंदील मिळाला त्याने शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, एक-दोन रोजे करून पाहावेत आणि पुढच्या सेशनला आकडे तपासावेत.

महिनाभर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते, ती ड्राय वेट. पहिल्या दोन आठवड्यांत मांस आणि चरबी दीड किलोने घटली, पण काट्यावर वजन पूर्वीइतकंच दिसलं, तर ती जागा पाण्याने भरलेली असते. जुन्याच ड्राय वेटवर सेशन संपवत राहिलं तर दर वेळी दीड लिटर पाणी अंगात उरतं. "वजन तर बरोबर आहे, मग रात्री दम का लागतो" याचं उत्तर बऱ्याचदा हेच निघतं. पाय, बीपी आणि श्वास पाहून ड्राय वेट निदान दोन आठवड्यांनी नव्याने ठरवावं. ईदनंतर भूक परतली, खरं वजन वाढू लागलं, की ते पुन्हा वर न्यावं लागतं, नाहीतर मशीन अंगातलं गरजेचं पाणीही काढून घेतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात.

ईदच्या दिवशी दूध, खजूर आणि सुकामेवा घातलेलं गोड एका लहान वाटीपुरतं, फॉस्फरसच्या गोळीसोबत. गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या जुन्या वेळा त्याच दिवसापासून परत सुरू करायच्या. वाढलेल्या जेवणावर रमजानचा कमी डोस चालू राहिला तर साखर चढते. शव्वालमधले, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्यातले, सहा रोजे ऐच्छिक आहेत. ते ठेवायची इच्छा असेल तर आधी महिन्याचे अहवाल हातात घ्यावेत, आणि अल्ब्युमिन व वजन रमजानपूर्वीच्या जागी आलेलं नसेल तर ते सोडून द्यावेत.